बोकडाचा ताण

(स्मृतिव्याख्यानमालेत पांढुर्णा येथे दिलेले व्याख्यान)



स्मृतिव्याख्यानाला शेळी हा विषय यापूर्वी फारसा कुणी घेतला नसेल. संयोजकांनी पत्रिकेत 'शेळ्यांचे नैसर्गिक प्रजनन-नियोजन' असं भारदस्त नाव छापलं, तरी गावात व्हायची ती कुजबुज झालीच. माजावर येणं, बोकड दाखवणं, हे काय सभागृहात बोलायचे विषय आहेत का? मी पशुवैद्य आहे, माझं आयुष्य याच बोलण्यात गेलं. आणि इथे बसलेल्या बायांना विचारा, घरची बकरी माजावर आली हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं? त्यांनाच. तेव्हा संकोच आहे तो आपला, पुरुषांचा. तो चपलांजवळ ठेवू आणि कामाला लागू.

माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या घरची बकरी कोणत्या महिन्यात व्यावी, हे कोण ठरवतं?

संत्र्याची बाग कधी फुलावी हे तुम्ही ठरवता. कपाशी कधी टोबायची, हरभरा कधी पेरायचा, हेही तुम्हीच ठरवता. गाय फिरली की डॉक्टरला फोन जातो. बकरीचं मात्र कुणीच काही ठरवत नाही. राखणाऱ्याबरोबर साऱ्या गावच्या बकऱ्या सकाळी निघतात. त्यात कुणाचे चार-दोन बोकड असतात, कुणाची पाच-सहा महिन्यांची वांड पिल्लं असतात, आणि जे व्हायचं ते कुठल्या तरी धुऱ्यावर होऊन जातं. मग पाच महिन्यांनी भर आषाढात, गळक्या सपरीत, लेंड्यांच्या चिखलात पिल्लं पडतात. आठव्या दिवशी एक खोकायला लागतं, पंधराव्या दिवशी दुसऱ्याला हगवण लागते. आणि आपण काय म्हणतो? यंदा बकऱ्या धार्जिण्या नाहीत!

धार्जिण्या नसायला काय झालं? फेब्रुवारीत बोकड मोकळा होता, म्हणून जुलैत पिल्लं आली. शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवस. हा आकडा बदलत नाही. बदलता येते ती सुरुवातीची तारीख, आणि ती बदलायला इंजेक्शन लागत नाही, औषध लागत नाही. एक दावं लागतं आणि एक खुंटा. बांधायचं बकरीला नाही, बोकडाला. आज तासाभरात मला एवढंच पटवायचं आहे.

आधी थोडं शास्त्र. कंटाळू नका, लवकर आटोपतो.

शेळी मुळात दिवस-रात्र मोजणारा प्राणी आहे. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाचा निरोप मेंदूतल्या पिनियल नावाच्या इवल्याशा ग्रंथीकडे जातो. अंधार पडला की ही ग्रंथी मेलॅटोनिन सोडते. रात्र मोठी तर मेलॅटोनिन जास्त वेळ, रात्र लहान तर कमी वेळ. त्यावरून शरीराला कळतं की दिवस लहान होऊ लागले. थंड देशांतली सानेन किंवा अल्पाइन शेळी हा निरोप मिळाला की माजावर येते, म्हणजे पिल्लं वसंतात, कोवळ्या गवतावर पडतात. वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत तिचा माज बंद. तिकडच्या दूधवाल्यांना म्हणूनच मोठी पंचाईत असते. सगळ्या शेळ्या एकदम विणार आणि एकदम आटणार, मग वर्षभर चीज कसं करायचं? बिगरहंगामी माजाचा सगळा उद्योग, स्पंज, इंजेक्शनं, हे सारं मुख्यतः त्यांच्या अडचणीतून निघालेलं आहे.

ती अडचण आपली आहे का? पांढुर्णा-सौंसर हा टापू विषुववृत्तापासून साडेएकवीस अंशांच्या आसपास. आपल्याकडचा सर्वांत मोठा दिवस साधारण 13 तास 25 मिनिटांचा, सर्वांत लहान 10 तास 50 मिनिटांचा. फरक अडीच तासांहून थोडा जास्त. फ्रान्सच्या मध्यभागी हाच फरक जवळजवळ साडेसात तासांचा भरतो. तिथल्या शेळीला सूर्य ओरडून सांगतो, आपल्या शेळीच्या कानात पुटपुटतो. त्यामुळे आपली गावरान शेळी तसं पाहिलं तर बाराही महिने माजावर येऊ शकते. एकवीस दिवसांनी तिचा फेरा येतो, दीड दिवसाच्या आसपास टिकतो.

गावरान म्हणजे कोणती, तेही सांगतो. विदर्भातल्या शेळीची बेरारी या नावाने देशाच्या जातींच्या यादीत रीतसर नोंद झालेली आहे. फिकट ते गडद तांबूस अंग, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर काळ्या केसांची रेघ, शिंगाच्या बुडापासून नाकपुडीपर्यंत तोंडाच्या दोन्ही बाजूंना पट्टा. आता डोळे मिटा आणि आपल्या गल्लीतल्या बकऱ्या आठवा. दिसली की नाही? 1956 साली राज्याची सीमा आखली तेव्हा आपण इकडे, मध्य प्रदेशात राहिलो आणि सावनेर, नरखेड, वरूड तिकडे गेले. बकऱ्यांना ते कुणी कळवलं नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना जनावर तेच आणि चाराही तोच.

बारा महिने माज येऊ शकतो, तर मग तो ठरावीक महिन्यांतच जास्त का दिसतो? जून-जुलै आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर, अशा दोन लाटा का येतात? कारण आपल्याकडे हंगाम ठरतो सूर्यावर कमी आणि पोटावर जास्त. एप्रिल-मेमध्ये बाभळीच्या शेंगा पडतात. बकरी दिवसभर बाभळीखाली उभी असते, तुम्ही पाहिलं आहे. शेंगेत प्रथिनं भरपूर. उन्हाने करपलेल्या रानात बकरीच्या अंगावर थोडं मांस चढतं ते या शेंगांनी. मागोमाग पाऊस येतो, रान फुटतं, आणि पोट भरलेली बकरी माजावर येते. दुसरी लाट पावसाळा सरताना येते. तेव्हा बोराटी, सुबाभूळ, धुऱ्यावरचा पाला, सगळं असतं. म्हणजे निसर्गाने वेळापत्रक बरंचसं बरोबरच आखलेलं आहे. घोटाळा होतो तो उरलेल्या महिन्यांत, आणि तो करतो मोकळा फिरणारा बोकड.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इथे संत्रेवाले किती आहेत? हात वर करा. पाहा, अर्धं सभागृह! मग माझं काम सोपं झालं. मला सांगा, झाड एरवी थोडं इकडे, थोडं तिकडे फुलत राहतं. आंबिया किंवा मृग बहार एकदम घ्यायचा तर तुम्ही काय करता? ताण देता. पाणी तोडता, झाडाला विश्रांती देता, पानं थोडी मलूल होऊ देता, आणि मग ठरवलेल्या दिवशी खत घालून पाणी सोडता. सारी बाग एका दमात फुलते. पाणी तेच, झाड तेच. फरक पडतो तो आधी तोडलं आणि मग सोडलं यामुळे.

बकरीच्या बाबतीत पाण्याच्या जागी बोकड ठेवा. रोज कळपात फिरणाऱ्या बोकडाची बकरीला सवय होते. तोच बोकड महिनाभर दूर ठेवला आणि मग एकदम आणून सोडला, की ज्यांचा माज थंड पडलेला होता अशा शेळ्याही थोड्याच दिवसांत माजावर येऊ लागतात. 1944 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने नोंदलं गेलं. 1960 साली टेक्सासच्या अंगोरा शेळ्यांमध्येही तेच दिसलं. बोकड आला की काही मिनिटांतच शेळीच्या मेंदूतून बीजांडाला जाग आणणारे झटके वाढतात, दोन-तीन दिवसांत बीज सुटतं. पुष्कळदा हा पहिला फेरा कच्चा असतो, तो पाच-सात दिवसांत संपतो आणि लगेच दुसरा, पक्का फेरा येतो. म्हणून बोकड सोडला आणि आठवडाभर काही घडलं नाही असं वाटलं, तर घाबरून त्याला परत बांधू नका. खरी धांदल सातव्या-आठव्या दिवसापासून सुरू होते.

हे घडतं कशाने? बऱ्याच अंशी वासाने. बोकडाचा वास म्हटलं की आपण नाकाला पदर लावतो. 2014 साली टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी बोकडाच्या डोक्यावर खास टोपी बसवून तो वास गोळा केला आणि त्यातलं एक द्रव्य वेगळं काढलं, 4-इथाइलऑक्टेनाल. शेळीच्या मेंदूतला माजाचा कळसूत्री भाग याने हलतो. खच्ची केलेल्या बोकडात ते सापडलं नाही. आता गंमत ऐका. हे द्रव्य शुद्ध रूपात हुंगलं तर त्याचा वास संत्र्या-लिंबाच्या जातीचा येतो! हवेत राहून ते बदललं की मग आपल्या ओळखीचा बोकडी दर्प होतो. संत्र्याच्या मुलखात बोकडाला नाकं मुरडणाऱ्यांनी याचा विचार करावा. (हशा)

पण एक अट आहे, आणि लोक नेमकी तीच विसरतात. बोकड स्वतः जोमात हवा. मेक्सिकोच्या उत्तर भागात तोर्रेओन नावाचं शहर आहे. त्याचा अक्षांश सुमारे पंचवीस-सव्वीस, म्हणजे आपल्यापासून फार लांबचा नाही. तिथले देल्गादियो नावाचे संशोधक आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हेच तपासत आले. त्यांनी काही बोकडांना अडीच महिने दिवे लावून रोज सोळा तासांचा उजेड दिला आणि मग नैसर्गिक उजेडात आणलं. दिवस एकदम लहान झाले असं वाटून ते बोकड भर वसंतात पेटून उठले. त्यांना कळपात सोडलं तेव्हा बहुतेक शेळ्या माजावर आल्या. शेजारच्या कळपात तसेच पण सुस्त बोकड सोडले, तर शेळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्हीकडे बोकड होतेच. फरक होता तो त्यांच्या दमाचा.

आपल्याला दिवे लावायची गरज नाही. आपल्या बोकडाचा शत्रू वेगळा आहे, नागपूरकडचा मे महिना. बोकडाचं बीज तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात तो टिनाखाली बांधला, तर जूनमध्ये तो उड्या मारेल, पण बकऱ्या फिरून पुन्हा माजावर येतील. म्हणून त्याला कडुनिंबाची किंवा आंब्याची सावली, दोन वेळ पाणी, आणि दोन महिने आधीपासून खुराक द्या. तुरीची चुणी, भरडलेला मका, थोडं खनिज मिश्रण. सरकी ढेप घरात असते म्हणून तीच भरमसाठ टाकू नका. सरकीत गॉसिपॉल असतं, आणि ते जास्त गेलं तर नराच्या बीजाला बाधतं. सोडण्याआधी खुर कापा, जंताचं औषध पाजा. आणि त्याच्यावर पंचवीसपेक्षा जास्त बकऱ्या लादू नका. पहिल्यांदाच लावता असा पठ्ठा असेल तर त्याहून कमी.

आणि बकरीचं काय? बोकड कितीही जोमाचा असला, तरी उपाशी बकरी त्याला दाद देत नाही. बकरी तयार आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून कळत नाही, कारण केस फसवतात. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर हात ठेवा. अंगठा मणक्याच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. कण्याची टोकं करवतीसारखी टोचली तर बकरी खंगली आहे. टोकं मुळीच लागली नाहीत तर ती फार लठ्ठ आहे, आणि तीही नीट गाभण राहत नाही. टोकं लागतात पण गुळगुळीत लागतात, बाजूला थोडं मांस आहे, तर ती तयार. खंगलेलीला बोकड सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज पाव किलोच्या आसपास दाणा-चुणी द्या, आणि गाभण राहिल्यावरही दोन-तीन आठवडे चालू ठेवा. मेंढपाळ हे जगभर करतात. याने माज उठून दिसतो आणि जुळ्यांची शक्यता वाढते. दाण्याला पैसे नसतील तर? मेमध्ये बाभळीच्या शेंगा वेचून पोत्यात भरून ठेवा. कुटून दिल्या की झालं. शाळेला सुट्टी असते, पोरांना लावा कामाला.

आता कॅलेंडर. इथे मी तारखांऐवजी नक्षत्रांनी बोलणार आहे, त्याला कारण आहे. पोळा, दसरा, दिवाळी चंद्रावर चालतात, पुढे-मागे होतात, अधिक महिना आला तर अजूनच घसरतात. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. रोहिणी दरसाल 25 मेच्या सुमारास लागते, मृग 7 जूनच्या सुमारास. एक नक्षत्र साडेतेरा दिवसांच्या आसपास. तीन नक्षत्रं म्हणजे चाळीस-एकेचाळीस दिवस. आणि बकरीचे माजाचे दोन फेरे म्हणजे किती? बेचाळीस दिवस! म्हणजे तीन नक्षत्रं बोकड मोकळा ठेवला, तर जवळजवळ प्रत्येक बकरीला दोन संधी मिळतात. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला स्वतःलाच मौज वाटली.

पहिली खेप रोहिणी, मृग, आर्द्रा. 25 मेला बोकड सोडा, 5 जुलैच्या सुमारास बांधा. पिल्लं येतील ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. पाऊस गेलेला, जमीन कोरडी, आईसाठी चारा भरपूर. दुसरी खेप हस्त, चित्रा, स्वाती. सप्टेंबरच्या शेवटी सोडा, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बांधा. पिल्लं फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. कडाक्याची थंडी संपलेली, पावसाळ्याला अजून वेळ. मात्र तेव्हा रान वाळत असतं. म्हणून या खेपेच्या आईला हरभऱ्याचं कुटार आणि चुणी घरूनच द्यावी लागते. फुकटात ही खेप होत नाही.

बाकी सगळे दिवस बोकड बांधलेला. त्यातही डिसेंबर ते मार्च तर अगदी पक्का. डिसेंबर-जानेवारीत लागलेली बकरी मे-जूनमध्ये विते, तेव्हा पाणी नसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लागलेली पावसात विते, त्याचं काय होतं ते मघाशी सांगितलं.

इथे मागून कुणीतरी कपाळाला आठ्या घालताना मला दिसतंय. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिल्लं, आणि कापूस वेचायला कोण जाणार? बरोबर आहे. ज्या बाईने बकरी सांभाळायची, तीच त्या दिवसांत दुसऱ्याच्या वावरात वेचणीला असते. ज्या घरात मागे म्हातारं माणूस नाही, त्या घराने पहिली खेप सोडून दुसरीच धरावी. शास्त्राच्या पुस्तकात कापसाची वेचणी नसते. आपल्याला ती धरूनच हिशोब करावा लागतो.

आता सगळीकडे ऐकू येणाऱ्या एका घोषणेबद्दल, 'दोन वर्षांत तीन वेत'. प्रत्येक प्रशिक्षणात, प्रत्येक पत्रकात ही असते. ऐकायला छान आहे. बोटांवर मोजून पाहू. तीन वेत म्हणजे दर आठ महिन्यांनी एक. मेमध्ये बोकड दाखवला, पिल्लं ऑक्टोबरात. आठ महिन्यांनी, म्हणजे जानेवारीत, पुन्हा दाखवला, पिल्लं जूनमध्ये. पुन्हा आठ महिन्यांनी सप्टेंबरात दाखवला, पिल्लं फेब्रुवारीत. मग परत मे. चक्र पूर्ण झालं. यात जून आलाच की! दर तीन वेतांमधलं एक पावसाळ्याच्या तोंडावर. ज्याच्याकडे उंच, कोरडा, हवेशीर गोठा आहे, पिल्लांना वेगळी जागा आहे, त्याने खुशाल तीन वेतं घ्यावीत. ज्याची सपरी जुलैत गळते, त्याने ही घोषणा ऐकून घ्यावी, मान डोलवावी आणि घरी येऊन वर्षाला एकच वेत घ्यावं. जन्मलेलं पिल्लू आणि विकलेलं पिल्लू यांत अंतर आहे, आणि आपल्या खिशात फक्त दुसरं येतं. माझं हे मत काही सहकाऱ्यांना पटत नाही. पत्रकात तीन हा आकडा एकपेक्षा चांगला दिसतो, हे मला मान्य आहे.

हॉर्मोनबद्दल थोडक्यात. मी त्यांचा वैरी नाही. शेळीच्या अंगात प्रोजेस्टेरॉनसारख्या द्रव्याचा स्पंज दोन आठवड्यांच्या आसपास ठेवायचा, काढताना दुसरं इंजेक्शन द्यायचं, की ठरलेल्या दिवशी सगळ्या शेळ्या माजावर येतात. चांगल्या बोकडाचं गोठवलेलं वीर्य वापरून कृत्रिम रेतन करायचं असेल, तर ही सोय मोलाची आहे. पण ते दुसरं इंजेक्शन येतं गाभण घोडीच्या रक्तातून. पुन्हा पुन्हा दिलं की शेळीचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिकार तयार करतं आणि परिणाम उतरत जातो. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन तर आणखी जपून द्यायचं. मोकळ्या चरणाऱ्या कळपात कोणती बकरी आधीच गाभण आहे हे ठाऊक नसतं. गाभण बकरीला ते दिलं तर गर्भ पडतो. आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने त्या बाटलीला हातही लावू नये. दहा-वीस बकऱ्यांच्या घराला हा सगळा पसारा कशाला हवा? जे काम खुंट्याने होतं, त्यासाठी सिरिंज कशाला?

पण खुंटा म्हटला की पुढचा प्रश्न येतोच. बोकड बांधायचा कुणी? इथे खरी गोम आहे. मी माझा बोकड बांधला आणि शेजाऱ्याचा मोकळा आहे, तर माझ्या बांधण्याला काय अर्थ? एका राखणाऱ्याच्या कळपात पंधरा घरांच्या बकऱ्या असतात. म्हणून हे काम एकट्याचं नाही, त्या पंधरा घरांचं मिळून आहे.

दुसरी अडचण आपण स्वतःच तयार करून ठेवली आहे. कळपातलं सगळ्यांत दांडगं, झपाट्याने वाढणारं बोकडपिल्लू सगळ्यांत आधी कुणाकडे जातं? खाटकाकडे. कारण त्याला पैसे चांगले येतात. मागे उरतं ते खुरटलेलं, आणि तेच मग कळपाचं बीज होतं. हे वर्षानुवर्षं चाललं आहे, आणि वर आपण म्हणतो की जात बिघडली. शिवाय पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की ते आपल्याच आईवर, बहिणीवर उडी मारतं. तेव्हा तीन महिन्यांच्या आत ठरवा. ठेवायचं नसेल तर चिमट्याने खच्ची करा, ठेवायचं असेल तर वेगळं बांधा. वेगळी जागाच नसेल, तर पोटाखाली फडकं किंवा पोत्याचा तुकडा पट्ट्याने बांधा, म्हणजे उडी मारली तरी काम होत नाही. आफ्रिकेतले मसाई आपल्या मेंढ्यांना याच कामासाठी कातड्याचं झाकण बांधतात. फडकं मात्र दोन-तीन दिवसांनी धुवा, नाहीतर लघवीने कातडी सडते. असा फडकं बांधलेला बोकड सकाळ-संध्याकाळ कळपातून फिरवला, तर कोणती बकरी माजावर आहे हे तोच दाखवतो. ती शेपटी हलवते, ओरडते, आणि त्याच्यासमोर गप्प उभी राहते.

आणि नोंद कशी ठेवायची? वही कुणी लिहीत नाही, मला ठाऊक आहे. पोळ्याला बैलांवर ठिपके काढून उरलेला गेरू घ्या, गोड्या तेलात कालवा आणि बोकडाच्या छातीला, पुढच्या दोन पायांच्या मधोमध, चांगला फासा. ज्या बकरीवर तो चढेल तिच्या पाठीवर, शेपटीच्या वर, तांबडा ठसा उमटेल. दर दोन दिवसांनी पुन्हा फासा. सतरा दिवसांनी रंग बदला, गेरूऐवजी नीळ लावा. तांबड्या ठशावर निळा ठसा पडला, तर ती बकरी पहिल्या फेऱ्याला राहिली नाही असं समजा. असे तांबड्यावर निळे ठसे फार दिसू लागले, तर दोष बोकडात आहे. त्याच दिवशी दुसरा बोकड आणा, आर्द्रा संपायची वाट पाहू नका. लिहिता-वाचता न येणाऱ्या राखणाऱ्यालाही हे वाचता येतं, आणि कोणती केव्हा विणार हे भिंतीवर कोळशाची रेघ ओढून मांडता येतं.

सगळी पिल्लं महिना-दीड महिन्यात आली की आणखी काय साधतं? लसीकरणाची गाडी एकदाच बोलवावी लागते. पीपीआर, आंत्रविषार, दोन्हींसाठी सारखंच. विकताना तर फरक फारच पडतो. दारात येणारा दलाल एकट्यादुकट्या बोकडाला नजरेने तोलतो आणि पडेल भावाने नेतो. एकाच वयाचे वीस बोकड एकत्र उभे असतील, तर वजनकाटा आणा म्हणता येतं. बकरी ईदेचा बाजार धरायचा असेल, तर बोकड वर्षाचा पूर्ण लागतो, आणि ईद दरसाल दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. 2023 ला 29 जूनला होती, 2024 ला 17 जूनला, 2025 ला 7 जूनला. काही वर्षांत ती मार्चमध्ये येईल. तेव्हा फेब्रुवारीच्या मध्याला जन्मलेली पिल्लं वर्षाची होतील आणि लगेच बाजार समोर असेल. त्या वर्षांत दुसरी खेप हस्तावरून थोडी अलीकडे, उत्तरा नक्षत्रात ओढावी लागेल. ज्याला बाजार कळतो त्याने आजपासूनच कागद-पेन्सिल घ्यावी.

शेवटचं सांगतो, अध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागले आहेत. आपला जिल्हा 2023 साली झाला, त्यात तालुके दोनच, पांढुर्णा आणि सौंसर. बोकडासाठी हे अगदी सोयीचं आहे. दोन वर्षं एकच बोकड एका कळपात राहिला की त्याच्याच लेकी माजावर येऊ लागतात. तेव्हा अदलाबदल करा. तिगाव, नांदनवाडीकडचा चांगला बोकड लोधीखेडा, रामाकोन्याला जाऊ द्या, तिकडचा इकडे येऊ द्या. याने नात्यातलं लागणं टळतं. दुसरा फायदा असा की कळपाला बोकड अनोळखी असला तर त्याची किमया जास्त चालते. अलीकडचं संशोधन तर म्हणतं की बोकड पुरेसा नवा आणि जोमदार असेल, तर बकऱ्यांना महिनाभर बोकडापासून लांब ठेवलं नाही तरी चालतं. ताण द्यायला ज्यांच्याकडे लांबची जागाच नाही, त्यांना हा मोठा आधार आहे.

या बोकडाच्या खुराकाचा खर्च कुणी करायचा, यावर गावोगाव वाद होणार, आणि व्हावेत. मला सुचलेली पद्धत एवढीच की दर गाभण बकरीमागे पायलीभर दाणा बोकडवाल्याला द्यावा, आणि तो पिल्लं जमिनीवर पडल्यावर द्यावा, आधी नाही. बोकडवाला मग बोकडाला सावलीत बांधायची काळजी स्वतःच घेईल. तुमच्या गावाला दुसरी रीत जमत असेल तर ती करा. रोहिणी 25 मेला लागेल. ताण एक महिन्याचा धरला, तर अजून मोकळा असलेला बोकड निदान 25 एप्रिलला कळपातून निघायला हवा. प्रश्न असतील तर विचारा. आधी बायांचे घेऊ.